पाटाएवढी जागा

भाऊबीजेला मेघना बदलापूरला माहेरी आली. अप्पांना आता खाटेवरून उठवत नव्हतं, म्हणून हेरंबला त्यांच्यासमोरच ओवाळायचं तिने ठरवलं. पाट घेऊन ती वडिलांच्या खोलीशी गेली आणि दारातच थांबली. खाट आणि भिंत यांच्यामध्ये पाट मावेना.

"दादा, गेल्या वर्षी आपण इथेच चौघं जेवायला बसलो होतो ना?"

हेरंबने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. तीन पिढ्यांना एकत्र राहता यावं म्हणून त्यानेच जुना बंगला न पाडता आत सरकत्या भिंती बसवून घेतल्या होत्या. माणसं जिथे येऊन बसत, तिथे त्या आपणहून जागा वाढवत. जिथे कुणी फिरकत नसे, तिथली रोज थोडी थोडी काढून घेत. हॉल केवढा ऐसपैस झालाय, हे तो येईल त्याला कौतुकाने दाखवायचा.

त्याने भिंतीला हात लावून ती ढकलून पाहिली. ती हलली नाही.

"राहू दे रे," अप्पा म्हणाले. "मला खाटेपुरती पुरते."

"अप्पा, तुम्ही सांगितलं का नाहीत?" तो खाली बघत म्हणाला.

"कुणाला?" अप्पांनी सहज विचारलं.