तिघांचे रिपोर्ट

"हा आजार नव्हे, येसूबाई. तुमच्या तुळसाला काही होणार नाही," डॉ. कुलसुम परकार म्हणाल्या. "पण तिच्या रक्तात थॅलेसेमियाचा दोष आहे. होणाऱ्या नवऱ्याच्याही रक्तात तोच असला, तर मूल आजारी निघू शकतं. त्याला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. म्हणून लग्नाआधी नवऱ्या मुलाचीही तपासणी करून घ्या."

"करतो की. पन मला एकटीलाच का बोलावलंत? ह्यांना भायेर बसवून?"

डॉक्टरांनी समोरचे तीन रिपोर्ट जवळ ओढले.

सत्त्याऐंशी सालचा मार्च होता. लग्न ठरलेल्या तुळसाच्या रक्तात दोषाची शंका आली होती; तो कोणत्या बाजूनं आला ते कळलं, तर त्या बाजूच्या इतर मुलींनाही सावध करता येईल, म्हणून डॉक्टरांनी तुळसाबरोबर आईबापांचंही रक्त मुंबईला पाठवलं होतं. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात कामाला असलेल्या हरिश्चंद्रनं, तिच्या बापानं, रजा नाही म्हणून रक्त द्यायचं दोनदा टाळलं. शेवटी येसूबाईच त्याला घेऊन आली होती.

"दोष आईकडून येतो, नाहीतर बापाकडून," डॉक्टर हळू म्हणाल्या. "तुमच्यात तो नाही. हरिश्चंद्ररावांतही नाही."

येसूबाईला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तशी ती ताठ झाली.

"म्हंजे पोर ह्यांची नाय?"

"ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. त्यांना मी फक्त तुळसाचा रिपोर्ट सांगेन."

"आनि तुमी मनात काय धराल? एवढी वर्सं संसार केला, दुसऱ्या पुरुषाकडं कधी मान वर करून बगितलं नाय. बोलवा त्यांना."

"घाई करू नका. घर मोडेल. हवं तर रक्त परत पाठवू."

"आळ झाकून मी घरी जायची नाय, डाक्टरीणबाय. मोडलं तर मोडलं."

तिनं स्वतःच दार उघडलं आणि नवऱ्याला हाक मारली.

हरिश्चंद्र टोपी हातात धरून आत आला. डॉक्टरांनी शक्य तितक्या सौम्यपणे सगळं सांगितलं. येसूबाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता बोला. माझ्यावर संशय आसंल तर इथंच बोला. डाक्टरीणबायसमोर."

"संशय कसला गो. तू खरं तेच बोलतेस."

"मग सांगा त्यांना, कागद खोटा हाय म्हनून."

"कागद पन खोटा नाय."

त्यानं हातातली टोपी टेबलावर ठेवली.

"बाळंतपनात तू तापानं चार दिस बेसुद होतीस. आपली पोर दुसऱ्याच दिवशी गेली, येसू. शेजारच्या खाटेवरची बाई पोर मागं ठेवून मेली, नि त्या पोरीला न्यायला कोन आलं नाय. ती मी तुझ्या कुशीत ठेवली."