मिक्सरचं हँडल

गहिनीनाथ मिस्त्री अंधारात तोंड धूत होता, तेवढ्यात सुभद्राबाईने काँक्रीटच्या मिक्सरपाशी पडलेलं लोखंडी हँडल उचललं आणि ती घराकडे चालू लागली.

"ओ मावशी! हँडल कुठं न्हेता?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. मंगल कार्यालयाचं बांधकाम आणि तिचं पत्र्याचं घर यांच्यामध्ये कुंपण नव्हतंच, नुसते वाळूचे आणि खडीचे ढीग. ते ओलांडून ती आली, उंबऱ्यावर बसली आणि हँडल मांडीवर आडवं धरलं. पाठीमागे दार लोटलेलं होतं. आत तिचा मुलगा युवराज झोपला होता.

मिक्सर डिझेलवरचा. हँडल मारल्याशिवाय त्याचं इंजिन सुरू होत नसे आणि एकदा सुरू झालं की सुभद्राबाईच्या घराचे पत्रे थरथरत. खिडकीला गोधडी लावून झाली होती, पोराच्या कानात कापूस घालून झाला होता, त्याची खाट पार चुलीपाशी नेऊन झाली होती. तरी रोज पहाटे त्याची झोप मोडायचीच. आणि झोप मोडली की त्याला फिट यायची. गोळ्यांइतकीच झोपही सांभाळा, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. परवा तो हौदाच्या कडेवर पडला. कपाळावरचे टाके अजून ओले होते.

"मावशी, आज स्लॅब हाय," गहिनीनाथ समोर येऊन म्हणाला. "ऊन चढल्यावर बायामाणसं चक्कर येऊन पडतेत. म्हणून अंधारात सुरू करतो. हौस न्हाई आमाला."

"कळतंय मला ते."

"मग द्या की."

"पोरगं उठू दे. मग देते."

गहिनीनाथने खिशातून मोबाईल काढला आणि तो बाजूला जाऊन कुणाशी तरी बोलला.

शहादेव, तिचा नवरा, चूळ भरता भरता धावत आला. कार्यालय विजयसिंहांचं होतं आणि शहादेव त्यांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. बायकोच्या मांडीवर हँडल पाहून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"दे ते हिकडं. याड लागलंय का तुला?" त्याने हँडलचं एक टोक धरून ओढलं. तिने दुसरं सोडलं नाही.

"वढा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी वरडते. मग उठंल त्यो. बघा काय करायचं ते."

शहादेवने हात सोडला.

पांढरी गाडी खडीवरून करकरत आली. गाडीचं दार धाडकन लागलं तशी सुभद्राबाई दचकली आणि तिने मागे वळून पाहिलं. आत हालचाल नव्हती. विजयसिंह उतरले होते. माईक नसतानाही सभेच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा माणूस.

"कुणी अडवलंय काम?"

सुभद्राबाईने ओठांवर बोट ठेवलं. ठेवल्यावर तिचं तिलाच भान आलं, तरी तिने ते काढलं नाही.

"काय?"

"हळू बोला, दादा. पोरगं झोपलंय."

"बाई, माझा स्लॅब खोळंबलाय," विजयसिंह म्हणाले, "आन तू मला हळू बोल म्हणतीस?" पण एवढं बोलताना त्यांचा आवाज खाली आलेला होता. ते लक्षात येताच त्यांचा चेहरा लाल झाला. ते शहादेवकडे वळले. "शहादेव, ट्रॅक्टरची चावी वाड्यावर आणून दे. आजच."

शहादेवने मान खाली घातली. सुभद्राबाईची हँडलवरची पकड सुटली आणि त्याचं टोक उंबऱ्यावर टक्कन वाजलं. तिने घाईने पदर ओढला आणि त्याखाली सारला.

मजूर एकेक करून जवळ येऊन उभे राहिले. उजाडू लागलं.

दार उघडलं.

युवराज बनियनवर उभा होता, कपाळाला पट्टी, डोळ्यांवर झोप. त्याने उंबऱ्यावर बसलेली आई पाहिली, मान खाली घातलेला बाप पाहिला, विजयसिंह, मिस्त्री, मागे उभी एवढी माणसं पाहिली. त्याची झोप क्षणात उडाली. त्याने आधी बोटांनी तोंडाची कड पुसून पाहिली. मग पॅन्ट चाचपून पाहिली.

"मला आली होती का?"

"न्हाई रे बाळा," सुभद्राबाई म्हणाली. "झोपला होतास तू."

त्याचा विश्वास बसला नाही. आई नेहमी असंच सांगायची. डोळे उघडल्यावर इतकी माणसं भोवती असली, म्हणजे काय झालेलं असतं ते त्याला ठाऊक होतं.

"मग समदे कावून जमलेत? दादा, तुमी सांगा. आली होती ना?"

विजयसिंह दोन पावलं पुढे आले.

"न्हाई रे," ते म्हणाले. "आईच्यान सांगतो. तू झोपला होतास."

युवराज त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचे खांदे सैल पडले.

गहिनीनाथ हँडल घ्यायला वाकला. विजयसिंहांनी त्याचा दंड धरला.

"आदी त्याला च्या पिऊ दे."

पूर्वेकडे सूर्य वर येत होता. आजचा स्लॅब भर उन्हात पडणार होता. मजूर बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हातातली घमेली खाली ठेवली, अगदी हलक्या हाताने, आवाज न होऊ देता.