निषादच्या हेडसेटमधली कटकट

निषादने वायर बदलली, ड्रायव्हर नव्याने टाकला, तरी गेममधल्या सवंगड्यांची ओरड थांबेना. "दादा, तुझ्याकडून सारखी कटकट ऐकू येते!" शेवटी दुरुस्ती त्याने कॉम्प्युटरवरच सोपवली.

"हेडसेट ठीक आहे," कॉम्प्युटरने निदान केलं. "नको असलेला आवाज तुमच्या पत्नीचा आहे. काढून टाकू?"

पत्नी, म्हणजे कौमुदी, चहा घेऊन मागेच उभी होती.

"टाक की," निषाद मागे न बघताच म्हणाला. "मलाही नको ऐकू यायला."

तेव्हापासून निषादच्या कानांत निव्वळ स्वच्छ गोळीबार होता. कौमुदीने आधी खात्री करून घेतली. भाजी करपल्याचं सांगितलं, मग घराला आग लागल्याचं. निषाद ढिम्म.

मग एका रविवारी तिने भिंतीवरचं सरकारी नोंदणीयंत्र सुरू केलं. नव्या कायद्याने घटस्फोट घरबसल्या मिळायचा. जोडीदाराच्या शेजारी उभं राहून खणखणीत आवाजात मागायचा. त्याने हरकत घेतली नाही, की झालं.

"निषाद, मला घटस्फोट हवाय. शिवाय हा फ्लॅट आणि तुझा कॉम्प्युटरही. हरकत आहे?"

निषाद नेम धरत होता.

"बघ हं, नंतर म्हणशील विचारलं नाही," कौमुदी लाडाने म्हणाली.

"हरकत नाही. घटस्फोट मंजूर," यंत्र म्हणालं. "माजी पतीला सामान बांधायला एक तास."

कौमुदीने त्याला मुळीच हलवलं नाही. ती आरामात सोफ्यावर बसली आणि तो तास संपायची वाट पाहू लागली.