तीन पॉइंट एकचा हट्ट

"तीन पॉइंट एक. त्याहून मोठा आकडा माझ्या गाडीत बसणार नाही," दंतवैद्यांनी बजावलं आणि हातातला पाना टेबलावर आपटला.

मेकॅनिकने त्यांच्या मुलीकडे बघितलं. मुलीने छताकडे.

गॅरेजच्या मधोमध गाडी उभी होती. सुट्या भागांचा संच मागवून जोडलेली, दोन माणसांपुरती, बिनछपराची, आणि पुढे चक्क मोटरसायकलचं इंजिन. दवाखाना बंद केल्यापासून दंतवैद्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. आता मागच्या चाकांमधला डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांना पोचवणारा दातेरी चाकांचा डबा, तेवढा बसवायचा राहिला होता.

"डॉक्टर, हे इंजिन किंचाळतं खूप, पण त्यात जोर कमी," मेकॅनिक म्हणाला. "डिफरन्शियलचा आकडा मोठा घेतलात तर ओढ वाढेल, वेग कमी होईल. लहान घेतलात तर उलट. तीन पॉइंट एकवर गाडी जागची हलवताना क्लच जळेल."

"जळू दे. जुन्या धावपट्टीवर एकदाच सुटायचं, मग सरळ दोनशे तीस."

मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. मोडलेली माणसं पुन्हा चालती करणं हेच तिचं रोजचं काम होतं. त्यात वडिलांच्या छातीत गेल्याच वर्षी दोन स्टेंट बसवले होते.

"बाबा, दोनशे तीसने जाऊन पोचायचंय कुठे तुम्हाला?"

"पोचायचं असतं तर बसने गेलो असतो."

"मी जाऊ देणार नाही."

"मी विचारलंय का तुला?"

त्या घरात समजूत काढणं हा प्रकारच नव्हता. दंतवैद्य म्हणाले होते, माझा दवाखाना चालव. ती लोकांच्या पाठी सरळ करायला शिकली. ते म्हणाले, खोल पाण्यात उतरू नकोस. ती पोहण्याची बक्षिसं घेऊन आली. चहा गोड झालाय असं ते म्हणाले, की ती वर आणखी एक चमचा साखर घालून प्यायची. आई हसून म्हणायची, दोघं एकाच मातीची आहेत. आता आई नव्हती, आणि मुलीला दुसरं माणूस गमावायचं नव्हतं.

दुपारी वडील आडवे झाल्यावर ती एकटीच गॅरेजमध्ये आली.

"मोठ्या आकड्याचा डिफरन्शियल आहे का तुमच्याकडे?"

"चार पॉइंट चार आहे, ताई. भरलेला टेम्पो ओढतो तसा ओढेल. पण कितीही पिळली तरी एकशे साठच्या वर जायची नाही."

"तोच बसवा."

"डॉक्टरांनी विचारलं तर?"

"त्यांना तीन पॉइंट एक सांगा. पुढचं माझ्यावर ढकला."

मेकॅनिकने फारशी खळखळ केली नाही. कोपऱ्यातला चार पॉइंट चार धुऊन पुसून तयारच होता. तिला बरं वाटलं. एक तरी शहाणा माणूस भेटला होता.

गाडी जोडून झाली. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून दंतवैद्य जमिनीवर बसले. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे येणाऱ्या मधल्या फिरत्या दांड्यावर त्यांनी खडूने खूण केली आणि मेकॅनिकला दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरा फिरवायला सांगितलं. दांडा किती फेरे घेतो ते ओठ हलवत मोजलं. दारात उभी असलेली मुलगीही मनात मोजत होती. चाकाच्या एका फेऱ्याला दांड्याचे तीनहून थोडे जास्त फेरे व्हायला हवे होते. तिच्या डोळ्यांदेखत चार होऊन वर आणखी झाले.

"झकास," दंतवैद्य हात झटकत उठले. "अगदी हवा तसा बसलाय."

तिची सुटका झाली होती, तरी तिला वाईट वाटलं. जन्मभर लोकांचे बत्तीस दात मोजलेल्या माणसाला आता चारापर्यंत मोजता येत नव्हतं. त्या संध्याकाळी तिने त्यांच्याशी एकदाही वाद घातला नाही.

रविवारी सकाळी गाडी ट्रकवर चढवून तिघं निघाले. मेकॅनिक ट्रक चालवत होता. फाट्यावर त्याने उजवीकडे वळण घेतलं.

"धावपट्टी डावीकडे आहे," ती म्हणाली.

दंतवैद्य खिडकीबाहेर बघत शीळ घालत होते.

ट्रक थांबला तो डोंगराच्या पायथ्याशी. छोट्या छोट्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, आणि झेंडा पडला की एकेक गाडी वर सुटत होती. रस्ता उभ्या चढाचा, वळणावर वळण, आणि एका बाजूला दरी. वर कुठेतरी चढाच्या शर्यतीचा कर्णा ओरडून प्रत्येक गाडीची वेळ सांगत होता.

दंतवैद्य तोवर गाडी खाली उतरवून तिच्यात बसलेही होते. त्यांना अडवायला तिच्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती, आणि ती कबूल करायला तिला जिवावर आलं.

"बाबा, उतरा. या गाडीत तीन पॉइंट एक नाहीये. मी तुमच्या चोरून चार पॉइंट चार बसवून घेतलाय."

मेकॅनिक आपल्या बुटांकडे बघू लागला.

"ठाऊक आहे," हेल्मेटचा पट्टा आवळत दंतवैद्य म्हणाले. "मी चार पॉइंट चार मागितला असता, तर तू तीन पॉइंट एक बसवला असतास."