तपासणी दोघांची

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवलं. "बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज नळीत एकत्र आलं, तरच गर्भ राहतो. दोष कुणातही असू शकतो. म्हणून तपासणी दोघांची."

सुनेला मूल होत नाही म्हणून शेवंताबाई घरच्यांसोबत दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी शेजारी बसलेल्या सवतीकडे पाहिलं. थोरलीच्या तळतळाटानेच आपली कूस उजवली नाही, असं ती धाकटी त्यांना जन्मभर ऐकवत आली होती.

तेवढ्यात दोघींचा दत्तक मुलगा उसळला. "मला तपासता? मी धडधाकट गडी आहे! हिला होत नसेल, तर दुसरी करीन." सून पदराचं टोक पिळत राहिली.

"तुझ्या बापानंही दुसरी केली होती, ती मीच," धाकटी कडाडली. "दोघी असूनही तुला दत्तक घ्यावं लागलं. या थोरलीला मी उगाच बोल लावला. जा, आधी तू तपासून ये."