उद्घाटनाचा नारळ

नव्व्याण्णव साली डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत पगाराच्या स्लिपा वेबसाइटवर दिसणार होत्या, पण ज्याच्या त्यालाच. पासवर्ड खरा की खोटा, हे वेबसाइटने कर्मचाऱ्यांची नावं आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या डिरेक्टरीला विचारायचं. ही जोडणी प्रोग्रामर विशाखाची. उद्घाटनाचा नारळ हातात घेऊन मॅनेजर मढवीसाहेब म्हणाले, “थांब, आधी मी बघतो.” स्वतःचं नाव टाकलं, पण पासवर्ड आठवेना, तेव्हा तो रकाना कोरा ठेवून त्यांनी नुसतंच एंटर दाबलं, तरी स्लिप उघडली! विशाखाने लगेच प्रोग्राम उघडला. कोऱ्या पासवर्डवाल्याला डिरेक्टरी अनोळखी पाहुणा समजून ‘या, बसा’ म्हणायची आणि वेबसाइट खुशाल दार उघडायची. कोरा पासवर्ड दारातूनच परत पाठवणारी ओळ तिने प्रोग्राममध्ये फटाफट घातली. “आता दाबा, साहेब.” पडद्यावर आलं: प्रवेश नाकारला. साहेबांना ‘नाही’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. तेवढ्यात साहेबांनीच नारळ फोडला. “शाब्बास! मला अडवलं, म्हणजे कुणालाही अडवेल!”