बाबांचं पथ्य

बायपासला चार महिने होत नाहीत तोच बाबांचं वजन पुन्हा वाढलेलं पाहून लेक भडकली. तिने पाठवलेला अळणी जेवणाचा डबा ओट्यावर तसाच पडून होता आणि आई त्यांच्यासाठी कढईभर बटाटे तळत होती.

“बाबा, विसरायला आईला होतं, तुम्हाला नाही! तुमचं ऑपरेशन झालंय, तळलेलं चालत नाही, हे सांगता येत नाही तिला?”

“पंधरा दिवस रोज सांगितलं गं.”

“मग?”

आईने हसतहसत ताटली आणून पुढ्यात ठेवली, वरून मीठ भुरभुरलं आणि आत गेली. बाबांनी एक फोड तोंडात टाकली.

“रोज तिला ते पहिल्यांदाच कळायचं,” ते हळूच म्हणाले. “आणि रोज ती तेवढीच रडायची.”